म्युनिक टाळून

न्यूरेंबर्ग, ४ ऑक्टोबर १८४६

मालेनेचं लग्न ठरलं!

आमच्या रीबे गावचे थ्यूगे, हातमोज्यांचे व्यापारी, बाजारात भेटले. सॉसेज खाता खाता म्हणाले, "काय लेखकराव, गावची खबर आहे का? मालेनेचं नाव वाचलं चर्चमध्ये. मी निघालो तेव्हा दोन रविवार झाले होते, तिसरा व्हायचा होता." लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून; पण नवरा कोण, ते थ्यूगेंना ठाऊक नाही. "माझी बायको सांगत होती, पण मी सामान बांधत होतो."

मला विचारायची गरजच नाही. जकातीवरचा क्रोग, दुसरा कोण! वसंतात मी मागणी घातली तेव्हा म्हणाली, "तू आधी जग बघून ये, जोहान्नेस. नाहीतर जन्मभर माझ्या नावानं कुरकुरशील." नकार द्यायची गोड रीत, झालं.

६ ऑक्टोबर

म्युनिकला जायचं रद्द. तिथल्या टपालात घरची पत्रं पडली असतील, त्यात लग्नाचं आमंत्रण. नको.

इन्सब्रुक, १३ ऑक्टोबर

पाऊस. डोंगर दिसले नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

व्हेरोना, २ नोव्हेंबर

पुस्तकासाठी आज पुलाचं वर्णन लिहायला बसलो. चार ओळी झाल्या, चारही ओळींत रीबेची खाडी! इथं नदी आहे, ऊन आहे, द्राक्षं आहेत. मला मात्र ओला वारा हवा, राय धान्याची काळी भाकरी हवी, आणि दारात उभी राहून "पाय पूस आधी" म्हणणारी ती हवी. घरमालकीण सिन्योरा बेत्ता रोज ताटातल्या मक्याच्या सांज्याकडे बघून म्हणते, "खा की रे बाबा! तिनं सोडलं म्हणून माझ्या पोलेंतावर राग का?" मी तिला काही सांगितलं नव्हतं. तोंडावरच लिहिलेलं असणार.

मालेने, फार आठवण येते. बाकी सगळं लिहिणं म्हणजे नुसती शाई.

२९ नोव्हेंबर

मालेनेचा मावसभाऊ एस्बेन आला, चित्रं काढायला रोमला निघालाय. मला बघून टोपीच फेकून मारली.

"अरे गाढवा, तू इथं? तिकडे तुझ्या लग्नाची नावं वाचून झाली!"

"कुणाच्या?"

"तुझ्या! पाद्रीबाबांना सांगून ठेवलं होतंस ना? ती शरदात गेली आणि म्हणाली, माझा होकार आहे, वाचा. तुला म्युनिकला कळवलंय तिनं."

खरंच. मागणी घालायच्या आधीच मी शहाण्यानं पाद्रीबाबांकडे नाव देऊन ठेवलं होतं. नकार मिळाला, आणि ते परत घ्यायचं ध्यानातच राहिलं नाही.

"तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर वाचलेलं बाद होतं," एस्बेन म्हणाला. "पळ."

ब्रेनर घाट, ४ डिसेंबर

बर्फ. गाडी अडकली. गाडीवान म्हणतो, घाईच्या माणसानं उन्हाळ्यात निघावं.

रीबे, २२ डिसेंबर

मुदत टळून गेली होती. ती दारात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"तीन रविवार मी पहिल्या बाकावर बसले. अख्खं गाव माझ्या शेजारची रिकामी जागा बघत होतं. नंतर बायका विचारायच्या, नवरदेव हरवला का गं?"

मी म्युनिकचं सांगितलं.

"म्हणजे पत्र तिथं होतं, आणि तू मुद्दाम गेला नाहीस."

७ फेब्रुवारी १८४७, रविवार

आज चर्चमध्ये तिचं नाव पुन्हा वाचलं, क्रोगच्या नावासोबत. तिसऱ्यांदा. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाची हरकत? पहिल्या बाकावरून मालेनेनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि बघतच राहिली. मी नुसतं उठून उभा राहिलो असतो तरी पुरे होतं. उठलो नाही. खोटं कशाला लिहू — मला सुटल्यासारखं वाटलं.