फिनलेची टोपी

आर्डव्हेन,
सोमवार, १४ जानेवारी २०१९

प्रिय फिनले,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा, तेरा दिवस उशिरा. तुझं नाताळचं कार्ड वेळेवर पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला तो टपालामुळे नाही. तुझी डोलिना बरी असेल. तुझ्या मांडीतली सळई थंडीत अजून ठणकते का? माझं म्हणशील तर दोन गुडघे आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. बाकी ठीक.

इकडे पाऊस, मग बर्फ, मग पुन्हा पाऊस. हरणाच्या माद्या पार रस्त्यापर्यंत उतरल्यात. टपालवाल्याची गाडी आली तरी बाजूला होत नाहीत, तोच हॉर्न वाजवून वाजवून थकतो. यंदाच्या ठरलेल्या संख्येतल्या अजून अकरा माद्या मारायच्या बाकी आहेत. पंधरा फेब्रुवारीला शिकारीचा हंगाम संपतो आणि त्याच दिवशी माझी इस्टेटीवरची नोकरीही. एकेचाळीस वर्षं झाली. इस्टेटीचं घर सोडायचं आहे, खाली गावात चर्चमागे दोन खोल्या मिळाल्यात. तू म्हणशील, आता तरी रविवारी चर्चला वेळेवर जाशील.

म्हणून सध्या आवराआवर चालली आहे. एकट्या माणसाने एवढा पसारा कसा जमवला कोण जाणे. झाकण नसलेले तीन थर्मास निघाले. तुझ्या सूसीचं जुनं खोगीर निघालं, हरीण बांधायच्या पट्ट्यांसकट. ते मी टाकणार नाही. सूसी त्या घोडेस्वारीवाल्यांकडे नऊ वर्षं जगली हे तुला कळलं असेलच. मी दोनदा गाजरं घेऊन गेलो होतो. तिने गाजरं खाल्ली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. जनावराला काय कळतं असं लोक म्हणतात.

आणखीही एक वस्तू निघाली. निघाली म्हणजे काय, ती कुठे आहे हे मला रोज ठाऊक होतं. त्याबद्दल लिहायलाच बसलोय. जरा चहा ठेवून येतो.

आलो. चहा पिऊन झाला, चुलीतली राख काढून झाली, कुत्र्याला बाहेर नेऊन आणलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही.

तुझं कार्ड खिडकीत उभं करून ठेवलंय. समोर लहान मुलांच्या कार्डासारखा लाल छातीचा पक्षी आणि मागे तुझे ते चार किरटे शब्द. तू लिहिलंस, “टॉर्मड, त्या दिवशी मी गाफील राहिलो आणि माझ्यामुळे तुला चौकशीत उभं राहावं लागलं. दहा वर्षांत कधी बोललो नाही. मला माफ कर. डोलिना तुझं नाव निघालं की गप्प होते, तिच्याशी मी पुष्कळ भांडलो. तिचं मनावर घेऊ नकोस. मी आता खिडकीत बसून समोरच्या थांब्यावरच्या बसगाड्या मोजतो. कधी त्यातल्या एकीतून उतर. तुझा भावासारखा मित्र, फिनले.”

हे वाचून मी खाली बसलो. तीन आठवडे झाले, मी अजून नीट उठलेलो नाही.

त्या दिवसातलं तुला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला मार बसला की आधीचे तासही पुसले जातात. इस्पितळात तू मला विचारलंस, “काय झालं रे?” मी सांगितलं आणि तू मान डोलावलीस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू दहा प्रश्न विचारले असतेस. आता तो दिवस मी तुला जसा होता तसा देतो. तो तुझाच आहे.

सतरा ऑक्टोबर. शिकारीला आलेल्या पाहुण्याने काळ्या कड्यावर मोठा नर मारला, पण गोळी लागल्यावर तो गडगडत खालच्या घळीत गेला. पाहुण्याला मी घरी पाठवून दिलं. खरं तर तू सूसी आणि बॉब, दोन्ही घोडे घेऊन ओढ्याच्या वाटेने वर यायचं, आपण त्याला हाताने ओढून खोगिरापर्यंत आणायचं, अशी आपली रीत. दोन तासांचं काम. पण त्या हंगामात नवी चार चाकांची क्वाड बाइक आली होती, पुढे दोरी गुंडाळून ओझं ओढणारा विंच बसवलेली. ती घ्यायला लावली कुणी? मी. इस्टेटीच्या प्रेंटिस साहेबांच्या कचेरीत तीनदा जाऊन मीच त्यांचं डोकं खाल्लं होतं. आणि त्या दिवशी साहेब स्वतः बघायला आले होते.

तुला ठाऊक होतं की विंच चालला तर घोडे जाणार. तरी तू आलास. बाइकभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, “टॉर्मड, हा तर विहिरीचा रहाट आहे. पाणी काढा, नाहीतर हरीण काढा.”

मी म्हटलं, “तुझ्या घोड्यांसारखा दाणा-वैरण तरी मागत नाही.”

“दाणा मागत नाही, पण हाक मारली तर येतो का?”

साहेब हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

बाइक वर सपाटीवर लावली, मागे मोठ्या दगडाला पट्ट्याने बांधली. दोरी घळीत सोडली. कड्याच्या ओठावर धारदार दगड होता, दोरी त्यावर घासत होती. साहेब म्हणाले, “नवी दोरी आहे, खराब होईल.” दोरीखाली घालायला गोणपाट आणायचं मी विसरलो होतो. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तुझ्या डोक्यावरची टोपी काढून दोरीखाली सरकवली.

आता कळलं ना मी कुठे चाललोय ते?

तू म्हणालास, “अरे, मग मी खूण कशाने करू?” आपली खूण दोघांना झोपेतसुद्धा ठाऊक होती. हरीण बांधायचं, दोरीपासून लांब व्हायचं, घळीच्या तोंडावरच्या रोवनच्या झाडापाशी उभं राहायचं आणि टोपी वर करायची. टोपी दिसल्याशिवाय वरच्याने ओढायचं नाही. तुझ्या वडिलांनी आपल्या दोघांना तेच शिकवलं. घोडे असोत की माणसं, टोपीवाचून कुणी हलायचं नाही.

मी म्हटलं, “हात वर कर. मी काय आंधळा आहे?”

तू म्हणालास, “ते आज कळेल.” आणि हसत हसत, उघड्या डोक्याने खाली उतरलास. तुझे केस वाऱ्यावर उडत होते, तेव्हा बरेच होते. तेवढं मला अजून दिसतं.

वरून घळीतलं काही दिसत नव्हतं, फक्त झाड दिसत होतं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. तू नीट बांधत असणार, शिंगं आणि मान धरून, डोकं पुढे राहील अशी गाठ. घाईची गाठ तू कधी मारली नाहीस. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “घोडेच बरे होते वाटतं?”

झाडापाशी कुणी नव्हतं, फिनले. हातही नव्हता. मी नीट पाहिलं होतं. स्वतःला सांगितलं, नुसता ढील काढून घेऊ, दोरी जरा ताणली की त्याचंही काम सोपं होईल. आणि बटण दाबलं.

दोरी तुझ्या पायांवरून गेली होती. ताठ झाली तशी तिने तुला उचललं. तुझा आवाज आला, मग दगडांचा आला, मग काहीच नाही. मी खाली कसा पोचलो ते मला आठवत नाही. तू ओढ्यात पडला होतास, मांडी भलत्याच बाजूला वळलेली. गाठ मात्र सुटली नव्हती.

हेलिकॉप्टर तुला घेऊन गेलं. त्यानंतर साहेबांनी विचारलं, “त्याने खूण केली होती ना?” मी म्हटलं, “हो. टोपी वर केली होती.”

टोपी! हात म्हणालो असतो तर निदान त्या दिवसापुरतं शोभलं असतं. पण आयुष्यभराची सवय जिभेवर होती, तीच बाहेर पडली. साहेब म्हणाले, “मी घड्याळ पाहत होतो, मला काही दिसलं नाही. तू पाहिलंस ना, मग झालं.” टोपी दोरीखाली गेली तेव्हा ते शेजारीच होते, पण तो विषय न काढता ते निघून गेले. मी दोरी गुंडाळायला गेलो तर दगडावर तुझी टोपी. दोरीने कापड अस्तरापर्यंत कापलं होतं. मी ती कोटाच्या आत घातली.

चौकशीलाही तेच सांगितलं. खूण केल्यावर फिनले दोरीच्या वाटेत परत आला असावा, असं. त्यांनी लिहून घेतलं, स्वतःचा निष्काळजीपणा. त्या दोन शब्दांवर तुझं काम गेलं, घर गेलं, घोडे गेले. इस्टेटीला तर सुंठीवाचून खोकला गेला.

डोलिनाला पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. ती इस्पितळाच्या दारात मला म्हणाली, “सव्वीस वर्षं माझ्या नवऱ्याने दोरीतून बाहेर आल्याशिवाय टोपी उचलली नाही. त्या दिवशी कशी उचलली? आणि टोपी आहे कुठे?” मी म्हटलं, ओढ्याने नेली असेल. दुसऱ्या दिवशी ती बूट घालून ओढ्यावर आली. मैलभर खाली, दगडादगडाखाली हात घालून शोधत होती, आणि मी तिच्याबरोबर शोधत होतो. काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालणारा माणूस निदान विसराळू असतो. मला कळसा बरगडीला टोचत होता.

वीस वर्षं त्या बाईने दर रविवारी मला जवाचं सूप वाढलं. मी एकटा म्हणून परत जाताना डब्यात वेगळं द्यायची. आणि तू माझ्यासाठी तिच्याशी भांडलास. तिचं खरं होतं, फिनले. तिला सांग. नाही, थांब, ते मीच सांगायला हवं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मी विंचच्या बटणाला हात लावला नाही. वर दुसऱ्याला उभं केलं आणि घळीत दर वेळी मीच उतरलो. लोक म्हणतात, साठी उलटली तरी टॉर्मड खालचं अवघड टोक सोडत नाही, शूर माणूस. गेल्या वर्षी मेजवानीत त्यावर एकाने भाषणसुद्धा केलं. मी टाळ्या ऐकून घेतल्या. शूर असतो तर एक वाक्य बोललो असतो.

आधी नोकरीची भीती होती. मग भीती गेली आणि लाज उरली. आणि लाजेचं असं आहे की ती जितकी जुनी होते तितकी तिला हात लावणं जिवावर येतं. मला वाटायचं, तू तरी मनात मला दोष देत असशील. त्या आधारावर मी जगलो म्हण हवं तर. पण तू स्वतःलाच दोष देत बसला होतास, आणि वर माझी माफी मागतोस. हे मला सोसवत नाही.

म्हणून आज सकाळी, हे पत्र लिहायला बसण्याआधी, इस्टेटीच्या कचेरीला आणि चौकशी केलेल्या खात्याला मी सगळं लिहून पाठवलं. रजिस्टर करून, म्हणजे मागाहून पाय मागे घ्यायला जागा नको. त्याची प्रत सोबत आहे. त्यांना माझं जे करायचं ते करू देत. तुला ते त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं एवढंच.

पार्सलात तुझी टोपी आहे. धुतलेली नाही. डोलिनाने कानाजवळ हिरव्या लोकरीने केलेलं रफू तसंच आहे, त्यावरून ती लगेच ओळखेल. मधला काप दोरीचा. तू त्या दिवशी टोपी वर केली नव्हतीस, कारण ती तुझ्याजवळ नव्हती. तू गाफील नव्हतास. तू गाठ बांधत होतास.

माफी मागणार नाही असं ठरवलं होतं, कारण मागितली तर तू देऊन टाकशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण मागतो. तू लगेच देऊ नकोस.

येत्या गुरुवारी सकाळच्या बसने मी येतोय. अकराच्या सुमारास तुझ्या खिडकीसमोरच्या थांब्यावर उतरेन. जिना चढणार नाही, दार वाजवणार नाही. समोर उभा राहीन. वर यावं असं तुला वाटलं, आणि डोलिनालाही, तर खिडकीतून टोपी वर कर. नाही केलीस तर दुपारच्या बसने परत जाईन, आणि त्यात तुझी काही चूक नसेल.

कितीही वेळ लागू दे. या वेळी खूण दिसल्याशिवाय मी हलणार नाही.

टॉर्मड