म्हाताऱ्याच्या गाण्यांची वाटणी

२ ऑक्टोबर, सकाळ.
मी सांगते, धाकटी सून बुरुल लिहिते. २५ तारखेला म्हातारा जाऊन वर्ष होईल. घोडा कापायचा, सगळं कोचकोर गाव जेवणार आणि त्याचा कोमुझ ऐकणार. तीन तारा आयुष्यभर छेडल्या त्याने. सगळं रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरात आहे. ते नीट लावायचं काम मी घेतलं आहे. दोन दिवसांत उरकेल.

४ ऑक्टोबर.
उरकलं. गाणी दोन्ही मुलांना हवीत, म्हणून मेंढा वाटतात तशी दोघांच्या कॉम्प्युटरांत वाटली. थोरला सागिन, त्याला डोकं: लग्नांतली गाणी. धाकटा कुबात, त्याला मांडी: कुरणावरची. बुरुल म्हणाली, आई, कॉपी काढा, दोघांकडे सगळंच राहील. मी म्हटलं, एकच डोकं दोन ताटांत वाढलेलं पाहिलंस कधी? घरच्या कॉम्प्युटरातून सगळं पुसायला लावलं. पातेलं रिकामं झाल्याशिवाय वाटणी पुरी होत नाही.
एक तुकडा उरला. त्यात म्हातारा तारा जुळवतो आणि मी ओरडते. टाकाऊ. कुत्र्याला हाड टाकावं तसा बुरुलच्या फोनात टाकला.

७ ऑक्टोबर.
जेवणाला लग्नांतली गाणी लावू, असं कुबात म्हणाला. सागिन म्हणाला, माझ्या ताटात हात घालू नकोस. कुबातने त्याला चाबकाने फोडलं. त्याने कुबातचा दात पाडला. लोकर झोडायच्या काठीने मी दोघांना झोडलं. आता शांतता आहे. वाटणी पक्की आहे, एवढं सिद्ध झालं.

११ ऑक्टोबर, दुपार.
शांतता टिकली आहे. फक्त कुबातने कुऱ्हाड नेली आणि सागिनच्या कॉम्प्युटरचे तुकडे केले. मग सागिन घोड्यासकट कुबातच्या खोलीत शिरला. कुबातच्या कॉम्प्युटरचा चुरा घोड्याने केला. काठी सागिनच्या पाठीवर मोडली. जुनीच होती.

१२ ऑक्टोबर.
तुकडे पोत्यात भरून बाजारात नेले. दुरुस्तीवाल्याने पोत्यात डोकावून विचारलं, कॉपी कुठे आहे? बुरुल माझ्याकडे बघत राहिली. हे लिहू नकोस म्हटलं, तरी लिहिते आहे.

१७ ऑक्टोबर.
नवा बेत. मुलांनीच बापाचा कोमुझ वाजवायचा. लहानपणी शिकले होते. आठवड्यात बोटं वळतील.

१८ ऑक्टोबर.
बोटं पाहिली. चारही हातांची सुजली आहेत. बेत तसा चांगला होता.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ.
घोडा कापला. मंडळी जेवली आणि कान टवकारून बसली. बुरुलने विचारलं नाही, सरळ फोन स्पीकरला जोडला. एक तार वाजली, दुसरी वाजली, आणि मी: मेल्या, टिणटिण बंद कर, मेंढ्या उघड्यावर आहेत, बोटं तोडून चुलीत घालीन. म्हातारा हसतो, गाण्याचा पहिला सूर काढतो, आणि संपतं. मशीन मी बंद केलं होतं.
मग सागिन कुबातच्या गळ्यात पडून रडला. बरगडी दुखते, हळू, असं म्हणत कुबातही रडला. पुन्हा लाव, असं मंडळी म्हणाली. तीनदा लावलं.
दोन्ही मुलांनी तो तुकडा मागितला. बुरुलने विचारलं, कापू का अर्धा अर्धा? फार तोंड चालतं हिचं. मी म्हटलं, कॉपी काढ, दोघांना दे. ती म्हणाली, आणि तुम्हाला, आई? मला कशाला, म्हटलं, माझा आवाज मी रोज ऐकते.
मग म्हटलं, काढ.