लुनाची किल्ली आणि वरखाली बटणं

अहो,

त्या डॉक्टरांनी आपल्या घरातलं हसू नासवलं, हे मी लेखी देते. "त्या जास्त हसल्या की गोळ्या मोजा," असं ते म्हणाले आणि तुम्ही ते पाठच केलंत. सकाळी शर्टाची बटणं वरखाली लावून तुम्ही नोटांच्या प्रेसच्या ड्यूटीला निघालात, म्हणून मी हसले. तुम्ही लगेच माझ्या गोळ्या मोजल्या आणि लुनाची किल्ली खिशात घातलीत. गोळ्या बरोबर निघाल्या. बटणं तशीच नाशिक रोडला गेली!

गेल्या वर्षी बायपोलरच्या झटक्यात मी दसऱ्याच्या आठ दिवस आधी मळ्यातला सगळा झेंडू तोडला, लुनावर लादला आणि पंचवटीत फुकट वाटला. म्हशीच्या गळ्यातसुद्धा चार हार घातले. तुमची चार महिन्यांची मेहनत गेली. आजार होता, पण तोडणारे हात माझेच होते. ते मी नाकारत नाही.

पण ह्या आषाढात झटक्याची पहिली खूण म्हणून माझी झोप उडाली, तेव्हा तीच किल्ली मी आपणहून तुमच्या हातात दिली. हे डॉक्टरांना सांगितलंत का?

मी मळ्यात चालत जातेय. भाकरी टोपलीत आहे, भरीत झाकून ठेवलंय. परवा दसरा. तीन कॅलेंडरं बघितली, वर शेजारच्या ठमाबाईंनाही विचारलं. त्याही हसल्या, त्यांच्या गोळ्या मोजायला जाऊ नका.

उद्या झेंडू विकायला लुनावरून पंचवटीत मला जायचंय. आज संध्याकाळी मी मळ्यातून येईन, तेव्हा किल्ली ह्या चिठ्ठीवर असेल का? हो की नाही, ते सांगा. "बघू" हे उत्तर मी घेणार नाही.

साधना