अब्राहम, मूळपुरुष आणि आमचा जिना

१ मार्च २००६, बुधवार, गेर्लिंगेन
आजपासून रोजनिशी. सासरे, म्हणजे दादा, शनिवारी पुण्याहून येतायत. त्यांचा कुलवृत्तांत लवकरच छापायला जाणार. त्यात जावयांचीही माहिती असते. साडू प्रसन्न कायझर्सलाउटर्नला प्रोफेसर, त्याला अर्धं पान. मला एक ओळ: 'जर्मनीत नोकरी'. दादा परत जाईपर्यंत अर्धं पान मिळवायचं. संकल्प.

जिन्यात आमच्या लेकीच्या, शमिकाच्या, फाशिंगच्या म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या रंगीत कागदी टिकल्या पडल्यात. केअरवोख, म्हणजे जिना झाडायची पाळी, आमची. शनिवारी नक्की.

४ मार्च, शनिवार
बर्फ. बुटांबरोबर रस्त्यावरची खडी जिनाभर. वर दादांची सुपारीची पुडी सांडली. सगळं एकदमच झाडू, एफिशियंट.

खालच्या फ्राउ हेबर्ले भेटल्या. निवृत्त धर्मशिक्षिका, घरी बायबलचं वाचनमंडळ चालवतात. सध्या अब्राहम, ज्यू लोकांचा मूळपुरुष, चालू आहे म्हणाल्या. मी दादांसमोर ठणकावून सांगितलं, असा कोणी माणूस झालाच नाही, पुरावा काय? दादांनी चष्म्यावरून पाहिलं. कौतुकच असावं. बाईंनी मला २५ तारखेला मंडळात बोलायला बोलावलं. अर्धं पान खिशात.

८ मार्च, बुधवार
ऑफिसच्या पद्धतीने घेतलंय. ब्रेकचा पार्ट परत आला की आपण काय विचारतो? ड्रॉइंग कुठाय, सॅम्पल कुठाय. अब्राहम: हाडं नाहीत, शिलालेख नाही, नावाचं एक खापर नाही. रिजेक्ट. विद्वान मंडळी इतकी वर्षं यात का अडकलीत कळत नाही. माझं जेवणाआधी आटोपलं.

१२ मार्च, रविवार
उंट! अब्राहमच्या गोष्टीत उंट आहेत, पण त्या काळी तिकडे माणसाळलेले उंट नव्हतेच म्हणतात. बॉम्ब आहे हा. दादांना जेवताना सांगितला. ते म्हणाले, भात वाढा. शमिकाला सांगितला. ती म्हणाली, "वाइस इश शोन." म्हणजे ठाऊक आहे. खालच्या आजींनी सांगितलंय म्हणे. पोरं काहीही बोलतात.

बायकोने, वासंतीने, जिन्याचं विचारलं. केअरवोखची पाटी अजून आपल्याच दारावर आहे, म्हणजे पाळी चालू आहे, म्हणजे उशीर झालेला नाही. तिला लॉजिक पटलं नाही.

१८ मार्च, शनिवार
झाडू हातात घेतला होता. तेवढ्यात इराकातल्या प्राचीन नुझी गावच्या कोरीव मातीच्या पाट्यांचं वाचायचं राहिलंय हे आठवलं. त्यांत लग्नाच्या, दत्तकाच्या चालीरीती अब्राहमच्या घरच्यासारख्याच. घाबरलो. पुढे वाचलं, की तशा चाली तिकडे शेकडो वर्षं होत्या, त्यांवरून एक माणूस सिद्ध होत नाही. हुश्श. झाडू कुठे ठेवला आठवत नाही.

२४ मार्च, शुक्रवार
अर्ध्या पानाचा मजकूर मीच लिहून ठेवला. दादांचे कष्ट वाचतील. 'थोर संशोधक' मधलं 'थोर' खोडलं. माणसाने नम्र असावं. मग परत लिहिलं.

२५ मार्च, शनिवार
बोललो. पाच-सहा आज्या, दादा, चीजकेक. उंटाचा बॉम्ब टाकला. सगळ्या "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत माना डोलावून खात राहिल्या. फ्राउ हेबर्ले म्हणाल्या, शाळेत मी जन्मभर हेच शिकवलं. मग विचारलं, तुमच्याकडे असे पूर्वज आहेत का?

दादांना खूश करायची हीच वेळ. उभा राहिलो. यांचा मूळपुरुष देव पाठीशी बांधून घोड्यावरून घाट चढला, वाटेत वाघ मारला, शंभर टक्के इतिहास. बाईंनी दादांना विचारलं, काय सापडलंय? दादा म्हणाले, "नथिंग. माय बुक सेज, पीपल से सो." शिवाय वाघ जावयाने घातलाय, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. दादांना.

२६ मार्च, रविवार
तरी मजकूर दिलाच. दादांनी वाचून घडी घातली आणि मला जिन्यात नेलं. काठीने एक पायरी दाखवली.

"नागेशराव, खाली टिकल्या. त्यावर बर्फातली खडी. त्यावर माझी सुपारी, मी आलो त्या दिवशीची. अब्राहम होता की नव्हता, देव जाणे. पण या जिन्यात तुम्ही झाडू मारल्याचा पुरावा नाही."

मी विचारलं, मग माझी ती एक ओळ? ती राहील म्हणाले, नोकरीचा पुरावा आहे.

फार वाईट वाटलं. दादा दुपारचे आडवे झाल्यावर झाडू शोधला, सगळा जिना झाडला, पुसला, पाटी खाली फ्राउ हेबर्लेंच्या दारावर लावली. पाठ धरली.

चार वाजता दादा उठले. दार उघडून चकचकीत जिना पाहिला आणि आत वळून म्हणाले, "वासंती, किती करतेस गं एकटी."