पापलेट उडते

मुलुंड (पूर्व)
रविवार

प्रिय श्रुतिका,

गुरुवारी संध्याकाळी तुझ्या आईने मला ‘तुम्ही’ म्हटले. लग्न होऊन कुडाळच्या घरी पाऊल टाकले त्या दिवशी तिने सगळ्यांदेखत ‘अरे जयवंत’ अशी हाक मारली आणि तुझ्या आजीच्या हातातली पळी खाली पडली. तेव्हापासून ते अरे-तुरे भांडणातही थांबले नाही. आणि गुरुवारी मी भाजी घेऊन परतलो, तर दाराची साखळी न काढता तिने अत्यंत सभ्यपणे विचारले, “कोण हवंय तुम्हाला?” मला चेष्टा वाटली. म्हटले, तर्कशास्त्राच्या नलिनीबाई हव्यात. ती हसली नाही.

फोनवर मी तुला ‘आई गोंधळली आहे’ असे सांगितले. तो शब्द चुकीचा होता, दुरुस्त करतो. ती मुळीच गोंधळलेली नाही. वॉचमन धोंडिराम वर आला आणि म्हणाला, “अहो मॅडम, आपले साहेबच ना हे!” त्यावर तिचे उत्तर: “तू यांना रोज बघतोस, त्यावरून हे रोज येणारे गृहस्थ आहेत एवढंच सिद्ध होतं.” धोंडिरामने माझ्याकडे असे पाहिले, जणू त्यालाही शंका आली. मी दाराच्या फटीतून आधार कार्ड दिले. तिने ते नीट वाचून परत केले. कार्ड खरे आहे, म्हणाली, ते तुमच्याकडे कसे आले हा प्रश्न आहे. शेवटी रात्रीपुरता पाहुणा म्हणून आत घेतले. शुक्रवारी डॉक्टरांकडे आली तीसुद्धा माझ्या तपासणीसाठी. स्वतःला जयवंत समजणाऱ्या माणसाला उपचारांची गरज आहे, असे तिचे मत पडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले की चेहरा ओळखणे शाबूत दिसते, पण चेहऱ्यामागून जी आपुलकी जागी व्हायची तिची वाट कुठेतरी तुटली असावी. तपासण्या व्हायच्या आहेत. तोवर वाद घालू नका, म्हणाले.

वाद घालू नका! आपल्या घरात देव्हारा नव्हता, ‘कशावरून?’ हा प्रश्न होता. त्याचा मला केवढा अभिमान! तुला आठवत असेल, जेवताना ती शिकवायची: सर्व मासे उडतात, पापलेट मासा आहे, म्हणून पापलेट उडते. तू ताटावरून ओरडायचीस, “चूक!” आणि ती म्हणायची, “तर्क बरोबर आहे गं, बिघाड पहिल्या विधानात आहे.” मग माझ्याकडे वळून, “आणि बी.कॉम.साहेब, बेरीज जुळली म्हणजे बिल खरं ठरत नाही.”

काल सकाळी चहा घेताना तिने मला समोर बसवले आणि वर्गात समजावते तसे बोटांवर मोजत सांगितले. “चेहरा जयवंतचा आहे, मान्य. आवाजही. पण जयवंत दारातून आत आला की मला बरं वाटतं. दिवसभर कुठेतरी अडकलेला श्वास सुटतो. तुम्ही आलात तेव्हा काहीच झालं नाही. म्हणून तुम्ही जयवंत नाही.” मी चहाचा कप खाली ठेवला. श्रुतिका, संबंध संसारात असे वाक्य ती एकदाही बोलली नव्हती. मी कधी प्रेमाबिमाचे बोललो की ‘कशावरून?’ विचारून मोकळी व्हायची. तिची सगळी बुद्धी कशाच्या आधारावर उभी होती ते मला काल कळले, आणि कळले तेही मी तो नाही हे ती सिद्ध करत असताना. आनंद मानायचा तर कोणत्या नात्याने मानू? या तर्कातली चूक मला दाखवता आली नाही. पापलेट उडते आहे, आणि मी खाली उभा राहून बघतो आहे.

बुधवारी तू येशील तेव्हा आमच्या लग्नाचा अल्बम आणू नकोस. पुराव्यांनी ती हरणार नाही, फक्त तूही फसली आहेस असे ठरवेल. व्हिडिओ कॉलवर तू “आई, हे बाबाच आहेत” म्हणत रडलीस, तेव्हाच ती मला म्हणाली, “पोरगी तुमच्या बाजूला गेली. लेखी कळवा. कागदावर आलं की ती विचार करते.” मी या घरात राहावे की नाही, यावर तिने घातलेली अट हीच: तुला हे पत्र लिहायचे. बाकीचे तुमच्या मनाने लिहा, परक्याचे पत्र मी वाचत नाही, म्हणाली. तिचा मजकूर तेवढा समोर बसून सांगते आहे. मधेच डोकावून म्हणाली, “अक्षर मात्र हुबेहूब जमवलंत.” तो मजकूर असा: ‘श्रुतिका, तुझे बाबा गुरुवारी भाजी आणायला गेले ते अजून आलेले नाहीत. काळजी करू नकोस. जयवंत आजवर दर वेळी परत आला आहे. त्यावरून तो याही वेळी येईल हे सिद्ध होत नाही, मला ठाऊक आहे. तरी तो येईल.’ मी विचारले, शेवटचे वाक्य कशावरून? तिने खिडकीतून गेटकडे पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही लिहा.”

लिहिले आहे. आम्ही दोघेही त्याची वाट पाहत आहोत.

पुराव्याविना तुझाच,
बाबा