तरसांची हजेरी

३ जून

हाडं गोठवणारी थंडी; इथे जून म्हणजे ऐन हिवाळा. मचाणावर दोन-दोन घोंगड्या घेऊन बसलो होतो, तरी दात वाजत होते. तळावरचे जुने निरीक्षक रा-तिरो नेहमीसारखे रात्रीची दुर्बीण डोळ्याला लावून हलक्या आवाजात सांगत होते, मी मांडीवरच्या लाल दिव्यात वहीत उतरवत होते. तुटक्या कानाची बिळाबाहेर आली. मागून तिची लेक. लंगडा आज नाही. एकूण नऊ. दोन वर्षं हेच चाललंय — म्हाताऱ्याने बघायचं, मी लिहायचं. तरसांची अशी हजेरी अख्ख्या बोत्सवानात कुणाकडे नसेल!

४ जून

झोप. नुसती झोप.

९ जून

काय लिहू? सकाळी दुर्बीण पुसायला घेतली, तर आत सेलच नाहीत. काल संध्याकाळी बातम्या ऐकायला मीच ते काढून रेडिओत घातले आणि विसरले. म्हणजे काल रात्रभर रा-तिरो बंद दुर्बिणीतून बघत होते. आणि मला अकरा तरसं नावानिशी सांगितली!

जेवताना त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. ताट कुठे आहे ते त्यांनी बोटांनी चाचपलं. मा-सेपोने ही आमची स्वयंपाकीण, ती त्यांना मांस कायम ताटात एकाच बाजूला वाढते. मग तिलाच गाठलं.

"आज कळलं तुला?" ती म्हणाली. "चार वर्षं झाली त्यांचे डोळे जाऊन. आणि म्हणे ही जनावरांचं निरीक्षण करते!"

सगळ्या तळाला ठाऊक होतं, माझ्याखेरीज. दोन वर्षांच्या वह्या पाण्यात! नुसता संताप संताप झालाय.

१५ जून

भांडायच्या आधी खातरजमा केली. आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बिळापाशी बांधला. पाच रात्री. रा-तिरोंनी सांगितलेली नावं फोटोंशी ताडून पाहिली — एक चूक. एकच! प्रत्येकाच्या हाकेचा सूर, चालण्याची लय, कोण कुणाला भिऊन कण्हतं, सगळं ऐकून सांगतात. मधल्या दोन रात्री नवे सेल घालून दुर्बीण मी मागून घेतली होती. करड्या धुक्यापलीकडे काही दिसेना. मी चार मोजली, फोटोत नऊ. दुर्बीण जुनी झाली आहे, दुसरी मागवायला हवी.

राग कुठे गेला कळलं नाही. रात्री नेहमीसारखी वही घेऊन मचाणावर चढले.

२१ जून

कचेरीचं पत्र आलं. तीस तारखेला नर्स येणार, रात्री मचाणावर जाणाऱ्यांचे डोळे तपासणार. नापास होईल त्याने घरी जायचं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मला माहीत आहे, असं रा-तिरोंना सांगून टाकलं. त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"माझा तिरो चांगला मुलगा आहे," म्हणाले. "पण शहरातलं घर. टीव्ही दिवसरात्र चालू. तिथे गेलो ना पोरी, की मी खरा आंधळा होईन."



२५ जून

मा-सेपोने म्हणजे कमाल आहे! रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पिठाच्या पिशवीवर उतरवून घेऊन आली. नर्स तोच आणणार, म्हणे. रा-तिरोंचा वरून खाली पाठ झालाय. खालून वर येताना चौथी ओळ चुकते. एक डोळा झाका म्हटलं की दोन्ही झाकतात आणि तरी घडाघडा म्हणतात. हसून हसून पुरेवाट झाली.

ही लबाडी आहे, कळतं मला. पण वहीतली तरसं खोटी नाहीत ना!

२९ जून

उद्या. ते गेले तर मीही इथे राहणार नाही. नुसत्या वह्या घेऊन काय करू?

३० जून

रा-तिरो पास. तक्ता एका दमात म्हटला. मग नर्सने तंबूचे पडदे ओढून कंदील मालवला. अंधारात ती एकेक हात वर करायची आणि कुठला ते विचारायची. त्यांनी एकदाही चुकवलं नाही. तिच्या बाहीला खळ होती, नंतर मला म्हणाले, चांगली सळसळत होती.

मग माझी पाळी. तक्ता सोपा गेला. कंदील मालवल्यावर मी म्हटलं, आता काय दिसणार? दिवाच नाही. नर्स जवळ आली. मग हळूच म्हणाली, "बाकीच्यांना दिसतं, बाई."

रातांधळेपणा. जन्मापासूनचा असेल. तीस वर्षं मला वाटत आलं, की अंधार सगळ्यांना सारखाच असतो.

शिडीवर चाचपडणाऱ्या माझ्या पायांवरून रा-तिरोंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. दुर्बीण माझ्याकडून काढून घेऊन हातात वही दिली, ती म्हणून. नर्सने माझ्या नावापुढे नापास लिहिलं, तेव्हा ते दारातच उभे होते. "हिला घरी पाठवू नका," तिला म्हणाले. "माझ्याबरोबर येत जाईल. मी आहे ना."