धुक्यात लावायचा दिवा

प्रिय आई,

इथं पणजोबांच्या गावी थंडी आहे, पण माझे पायमोजे कोरडे आहेत आणि जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

पणजोबा इवान जोन्स यांचं शेत सापडलं. शेजारच्या ग्वेंडाबाईंना म्हटलं, "इवान जोन्स कुठे वारले ते शोधतेय." त्या म्हणाल्या, "चॅपलमागच्या दफनभूमीत सगळे जोन्सच झोपलेत, पोरी. शेताचं नाव सांग."

मी ब्लाएन-नांट म्हटलं, तसं त्यांनी मला आत नेऊन बसवलं.

पणजोबा नदीत वाहून गेले, असं आजी सांगायची ना? "नदी कुठे, तो कुठे," ग्वेंडाबाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं. मेंढ्या आणायला डोंगरावर गेला आणि धुकं उतरलं. घर दिसेना. परसातल्या भिंतीपाशीच गारठून गेला. खिडकीत दिवा लावायचं काम लेकीचं होतं. लहान पोर ती, खेळात विसरली."

ती लेक म्हणजे आपली आजी.

आठवतं, लिव्हरपूलला धुकं पडलं की ती भरदुपारी खिडकीत दिवा लावायची? तू विजेच्या बिलावरून चिडायचीस, मी हसायचे. ती दिवा तसाच ठेवायची.

आज तिकडे धुकं असेल तर तेवढा दिवा लाव, आई. बिलाचं मी बघते.

तुझी,
मेलेरी